मंगळाचे वातावरण व सौरवात

सूर्याच्या प्रभामंडळातून विद्युतभारित कणांचा जो झोत अखंड बाहेर पडतो, त्याला सौरवात म्हणतात. त्यात मुख्यतः प्रोटॉन व इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण ४०० किमी. असतो. नावात वारा असला, तरी फुंकर मारून धूळ उडवावी तसा तो ग्रहाचे वातावरण उडवत नाही. तेवढा दाट तो नसतोच. त्याचे काम चालते विजेच्या आणि चुंबकत्वाच्या जोरावर.

मंगळाचे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी लोपले. दक्षिण गोलार्धातील जुन्या खडकांत त्याच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. त्यामुळे सौरवात थेट वातावरणाच्या वरच्या थराला भिडतो. तेथे सूर्याच्या अतिनील किरणांनी अणूंमधील इलेक्ट्रॉन काढून घेतलेले असतात. असा विद्युतभारित झालेला अणू, म्हणजे आयन, सौरवाताबरोबर आलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या तावडीत सापडला की ओढला जातो. काही आयन अवकाशात निघून जातात. काही उलट फिरून वातावरणावरच आदळतात आणि स्ट्रायकरने कॅरमच्या सोंगट्या उडाव्यात तसे इतर अणू उडवतात.

या माऱ्याचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे आर्गॉन वायू. तो कशाशी संयोग पावत नाही, खडकात मुरत नाही. नाहीसा व्हायचा तर असाच धक्का लागून. त्याचे कमी-अधिक वजनाचे प्रकार असतात; त्यातही हलका आर्गॉन-३६ वरच्या थरात जास्त असल्याने आर्गॉन-३८ पेक्षा अधिक निसटतो. या दोहोंच्या प्रमाणावरून २०१७ मध्ये असा हिशेब निघाला, की मंगळावरचा सुमारे ६५ टक्के आर्गॉन गेलेला आहे. मंगलयानावरील मेन्का या उपकरणालाही वातावरणाच्या बाहेरच्या थरात अपेक्षेपेक्षा उष्ण आर्गॉन आढळला होता.

२०१४ पासून मंगळाभोवती फिरलेल्या नासाच्या मावेन यानाच्या मोजणीनुसार सौरवातामुळे सेकंदाला साधारण १०० ग्रॅम वायू जातो. आकडा किरकोळ वाटतो. पण तरुण सूर्य अधिक खवळलेला होता आणि काळ अब्जावधी वर्षांचा. सौर वादळात ही गळती आजही वाढते. मात्र चुंबकीय क्षेत्र नाही म्हणून वातावरण गेले, इतके सरळ हे गणित नाही: शुक्रालाही असे क्षेत्र नाही, तरी त्याचे वातावरण पृथ्वीच्या सुमारे ९० पट दाबाचे आहे. मंगळाचे दुबळे गुरुत्वाकर्षणही धरावे लागते.

डिसेंबर २०२२ मध्ये उलटा प्रकार घडला. सौरवाताची घनता सुमारे शंभरपटीने घटली, वरचा दाब सुटला आणि मंगळाभोवतीचे चुंबकीय आवरण व आयनांचा थर हजारो किलोमीटर बाहेर फुगला.