पैसे भरले, खुलासा राहिला : अब्रुनुकसानीच्या तडजोडींची पार्श्वभूमी

खान्देशातल्या दैनिकांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक पट्टी छापलेली असते. मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव, वृत्तपत्र नोंदणीच्या कायद्यानुसार (मार्च २०२४ पर्यंत १८६७ चा पीआरबी कायदा) बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणाची, वाद झाल्यास न्यायकक्षा कोणती. वाचक ती वाचत नाहीत. वकील आधी तीच वाचतात, कारण नोटीस कोणाच्या नावाने काढायची हे तिथे ठरते.

‘मोठ्या माध्यम कंपन्या पैसे फेकून मोकळ्या होतात’ ही तक्रार अलीकडे जोरात आली ती अमेरिकेतल्या एका खटल्यामुळे. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोमिनियन या कंपनीच्या मतदान यंत्रांनी मते फिरवली, असे आरोप फॉक्स न्यूज या वृत्तवाहिनीवरून पुन्हा पुन्हा झाले. डोमिनियनने १.६ अब्ज डॉलरचा दावा लावला. मार्च २०२३ मध्ये डेलावेअर राज्यातले न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी निकालपूर्व आदेशातच सांगितले की त्यांच्यासमोर असलेल्या विधानांपैकी एकही खरे नव्हते. १८ एप्रिलला ज्यूरी बसली, वकिलांची भाषणे सुरू होणार, तेवढ्यात तडजोड झाली : ७८.७५ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ६,४५० कोटी रुपये. फॉक्सचे तेव्हाचे अध्यक्ष रूपर्ट मरडॉक आणि चॅनेलचे निवेदक साक्षीच्या पिंजऱ्यात आलेच नाहीत. पडद्यावर माफी नाही. डोमिनियनबद्दलचे काही दावे असत्य ठरवणाऱ्या न्यायालयाच्या निर्णयाची आम्ही नोंद घेतो, अशा अर्थाचे एक मोजूनमापून लिहिलेले निवेदन तेवढे आले.

रक्कम प्रचंड होती, पण फॉक्सची वर्षाची उलाढाल १४ अब्ज डॉलरच्या घरात आणि हाताशी सुमारे ४ अब्जांची रोकड. घाव बसला, कंबर मोडली नाही.

इथे डोमिनियनला दोष देऊन मात्र उपयोग नाही. ती खासगी कंपनी, नुकसान तिचे, भरपाई तिला मिळाली. ज्यांनी ते आरोप खरे मानून महिनोन्‌महिने ऐकले त्या प्रेक्षकांचा त्या दाव्यात कोणीही वकील नव्हता. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. अब्रुनुकसानीचा कायदा वाचकासाठी केलेलाच नाही. तो ज्याचे नाव घेतले त्याच्यासाठी आहे, आणि आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो.

भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आली. त्याच वर्षी मुंबईत ‘महाराज लायबल केस’ गाजली. वैष्णव धर्मगुरू जदुनाथजी महाराजांनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांच्यावर ५०,००० रुपयांचा दावा लावला होता. करसनदास जिंकले, पण जिंकण्यासाठी झालेला खर्च त्यांना पूर्ण भरून मिळाला नाही. खरे छापणाऱ्यालाही ते सिद्ध करायला पैसे लागतात, हा धडा मराठी-गुजराती पत्रांना तेव्हाच मिळाला.

वीस वर्षांनी पाळी ‘केसरी’ची. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप छापले गेले. ज्या पत्रांच्या आधारे छापले ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. मुद्दा असा की ‘केसरी’मागे तुरुंगाऐवजी थैली पुढे करेल अशी कंपनी नव्हती. लिहिणारे, छापणारे आणि शिक्षा भोगणारे तेच.

पुढे टिळक स्वतः फिर्यादी झाले. लंडनच्या ‘टाइम्स’चा पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने त्यांना भारतीय असंतोषाचा जनक ठरवले होते. टिळकांनी लंडनला जाऊन दावा लढवला आणि १९१९ मध्ये हरले. लाखांच्या घरात गेलेला खर्च भागवायला लोकांनी वर्गणी जमवली. गरीब फिर्यादी आणि सरकारी मदत मागे असलेला बलाढ्य लेखक-प्रकाशक, ही जोडी तेव्हापासूनची.

खान्देशात पत्रे दीर्घकाळ एकखांबी होती. साने गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालवले, त्या परंपरेतल्या पत्राचा संपादक वाचकाला बाजारात भेटे आणि तिथेच दोन शब्द ऐकूनही घेई. मग मोठ्या समूहांच्या आवृत्त्या जळगावला आल्या. मालक एका शहरात, संपादक दुसऱ्या, छपाई तिसरीकडे आणि बातमी देणारा वार्ताहर चोपड्यात किंवा शहाद्यात, तोही बहुधा मानधनावर. १८६७ च्या त्या पीआरबी कायद्याच्या कलम ७ नुसार अंकावर ज्याचे नाव संपादक म्हणून छापले, त्याच्यावर जबाबदारीचे गृहीतक बसे. १९९१ मध्ये के. एम. मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे गृहीतक ‘मुख्य संपादका’ला आपोआप लागू होत नाही. दिवाणी दाव्यात कंपनी सापडते हे खरे. फौजदारीत मात्र तालुका कोर्टाच्या तारखांना उभा राहतो तो स्थानिक संपादक आणि त्याच्यासोबत वार्ताहर.

समजा, रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याबद्दल छापून आले की त्याने शेतकऱ्यांचे पैसे बुडवले, आणि प्रत्यक्षात बुडवणारा दुसराच, नावसाधर्म्याचा. त्याच्यापुढे दोन वाटा. दिवाणी दावा वर्षाच्या आत लावावा लागतो आणि मागितलेल्या रकमेप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते. फौजदारी तक्रार पूर्वी दंड संहितेच्या कलम ४९९-५०० खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेचीही सोय. अपील करत वर जायचे तर औरंगाबाद खंडपीठ. तोवर दोन-तीन हंगाम जातात आणि शेतकरी माल दुसऱ्याला देऊन मोकळे होतात. म्हणून असे गुन्हे तडजोडपात्र आहेत याचा फायदा घेऊन प्रकरण लोकअदालतीत मिटते. आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी येते, कधी तीही येत नाही.

प्रेस कौन्सिलकडे जाता येते. पण १९७८ च्या कायद्याने तिला ताकीद देण्याचा, कानउघाडणीचा, निषेधाचा अधिकार दिला आहे, दंडाचा नाही. टीव्ही तर तिच्या कक्षेतच येत नाही.

तडजोड न करता लढणारा फिर्यादी असला तर काय होते, याचे मराठी उदाहरण न्या. पी. बी. सावंत यांचे. २००८ मध्ये टाइम्स नाऊने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत न्या. सामंता यांच्या जागी सावंतांचे छायाचित्र दाखवले, जेमतेम पंधरा सेकंद. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठरवली. अपिलासाठी उच्च न्यायालयाने २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी मागितली, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती होते म्हणून इतके लढता आले, हे विसरू नये. आणि पंधरा सेकंदांच्या चुकीला १०० कोटी हा आकडा मलाही पटत नाही. तो आकडा पाहून दचकला असेल तो तालुक्याचा साप्ताहिकवाला.

हीच दुसरी बाजू आहे. नोटिशीचा धाक मोठ्या समूहापेक्षा छोट्याला जास्त. खान्देशातल्या पुढाऱ्यांना हे पुरते ठाऊक आहे : एकाच बातमीवर वेगवेगळ्या तालुक्यांत कार्यकर्त्यांकडून तक्रारी करवायच्या, तारखांना फिरवायचे, शेवटी ‘मिटवून घ्या’ म्हणायचे. अशा तडजोडीत शरण जातो तो पत्रकार. आणि श्रीमंत कंपनीही सत्तेपुढे शरण जाते. डिसेंबर २०२४ मध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीने ट्रम्प यांचा बदनामीचा दावा १.५ कोटी डॉलर त्यांच्या नियोजित ग्रंथालयाला आणि १० लाख वकील फीपोटी देऊन मिटवला, वर खेद व्यक्त करणारी टीप जोडली. लढली असती तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सुलिव्हन निकालाचा भक्कम आधार होता, तो आणि त्यापुढचे निकाल यांनुसार सार्वजनिक व्यक्तीला खोटेपणाची जाणीव किंवा बेफिकिरी सिद्ध करावी लागते. तसा कठोर निकष आपल्या फौजदारी कायद्यात नाही. सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात २०१६ साली फौजदारी बदनामीचे कलम घटनात्मक ठरले आणि विधी आयोगाच्या २८५ व्या अहवालाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ठेवावे असेच सुचवले.

तडजोड वाईटच असे मी म्हणणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे तडजोडीच्या अटी हुकूमनाम्यात येतात, आणि त्यात रकमेशिवाय इतर गोष्टीही मागता येतात : खुलासा मूळ बातमीच्याच पानावर, तेवढ्याच जागेत, त्याच आवृत्त्यांत, आणि ऑनलाइन मजकुरावर कायमची दुरुस्ती. डोमिनियनने पैसे जास्त मागितले, हे कमी. रावेरच्या त्या व्यापाऱ्याला उलटे मागता येईल. त्याच्या वकिलाने कागद तयार करताना ते घालायला हवे, कारण एकदा सह्या झाल्या की छापायचे काय हे पुन्हा संपादकच ठरवतो.