चित्रात मुरलेला नंबर आणि चित्रावर ठेवलेला नंबर

'लाइव्ह व्हिडिओवर गाडीचा नंबर दिसला पाहिजे.' नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मागणीपत्रात एवढीच ओळ असते आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. नंबर दिसायचे मार्ग दोन आहेत. डेमोमध्ये दोन्ही डिट्टो सारखे दिसतात, दोन्हींना सगळे ओव्हरलेच म्हणतात. फरक कळतो तो महिनाभरानं कुणी रेकॉर्डिंग मागितल्यावर.

पहिला मार्ग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कोपऱ्यात तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याचं नाव उमटतं, तसाच हा ओएसडी, म्हणजे ऑन-स्क्रीन डिस्प्ले. नंबर ओळखणारं सॉफ्टवेअर वाचलेला नंबर कॅमेऱ्याला कळवतं, कॅमेरा तो एन्कोडिंगच्या (व्हिडिओ आकुंचित करण्याच्या) आधीच पिक्सेलमध्ये लिहून टाकतो. त्यानंतर तो चित्राचाच भाग.

दुसऱ्या मार्गात चित्राला कुणी हात लावत नाही. नंबर, प्लेटभोवतीच्या चौकटीचे कोऑर्डिनेट, वेळ, वाचनाची खात्री असा सगळा मेटाडेटा व्हिडिओच्या जोडीनं वेगळा जातो आणि बघणाऱ्याच्या मशीनवरचा व्हीएमएसचा (कॅमेऱ्यांचे व्हिडिओ दाखवणाऱ्या-साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) क्लायंट तो चित्रावर रेखाटतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि व्हीएमएस एकमेकांशी जुळावेत म्हणून ऑनव्हिफ हे मानक आहे; त्यात यासाठी २०२१ पासून प्रोफाइल एम आहे. तेव्हा 'ऑनव्हिफ चालतं हो' एवढ्यावर समाधान मानू नका, कुठलं प्रोफाइल ते विचारा, आणि कॅमेरा व व्हीएमएस दोघांबद्दल विचारा. शिवाय मेटाडेटा साठवता येणं वेगळं आणि तो पडद्यावर रेखाटता येणं वेगळं. पहिलं येतं म्हणून दुसरं येईलच असं नाही.

बाकीचे फरक उघड आहेत. मुरलेला नंबर शोधता येत नाही, ८ चा बी झाला तर दुरुस्त करता येत नाही, आणि कमी बिट-रेटच्या सब-स्ट्रीमवर (कॅमेऱ्याच्या दुय्यम, हलक्या व्हिडिओवर) बारीक अक्षरं फिसकटतात. ठेवलेल्या नंबरात यातली एकही भानगड नाही. पुढे.

खरी ठेच लागते ती वेळेपाशी. 'मेटाडेटा घेतला की उशिराचा प्रश्न मिटला' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटलेत. मिटत नाही. नंबर वाचायला वेळ लागतोच, कारण ओळखणारं सॉफ्टवेअर सहसा एकाच फ्रेमवर विसंबत नाही. चार-सहा फ्रेम वाचून त्यातलं जुळणारं उत्तर देतं. त्यात नेटवर्कचा वेळ मिळवा. सगळं मिळून अर्धा सेकंद धरला, तर ताशी ३६ किलोमीटरनं चाललेली गाडी तेवढ्यात ५ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून जास्त. पांढरी गाडी चौकटीबाहेर पडली, मागून टेम्पो आला, आणि आता पडद्यावर नंबर उमटला तो पांढऱ्या गाडीचा, टेम्पोच्या बरोबर वर.

तो ओएसडी असेल तर ही चूक कायमची. रेकॉर्डिंग थांबवून त्या फ्रेमचा फोटो काढला, की टेम्पोवर दुसऱ्याच गाडीचा नंबर लिहिलेला पुरावा तयार! तो खोडायला खालचं मूळ चित्र शिल्लकच नसतं.

मेटाडेटात प्रत्येक नोंदीबरोबर, नंबर ज्या फ्रेममध्ये वाचला तिची वेळ येते. म्हणून मागे जाऊन बघताना नंबर बरोबर पांढऱ्या गाडीवर बसतो. पण हे झालं रेकॉर्डिंगचं. लाइव्हमध्ये ती फ्रेम कधीच दाखवून झालेली असते, त्यामुळे क्लायंटपुढे दोनच पर्याय उरतात: नंबर उशिरा दाखवायचा, किंवा अख्खा व्हिडिओच तेवढा मागे रोखून धरायचा. नुसतं बघत बसणाऱ्याला रोखलेला व्हिडिओ चालतो. फिरता कॅमेरा हातानं वळवणाऱ्याला किंवा पडद्याकडे बघून अडसर उचलणाऱ्याला अजिबात चालत नाही. कुठला पर्याय हवा ते विकत घेण्याआधी ठरवा. विकणारा आपणहून विचारत नाही.

आणि हे सगळं घड्याळांवर उभं आहे. कॅमेरा, ओळखणारा सर्व्हर आणि व्हीएमएस यांची वेळ एकाच एनटीपी सर्व्हरवरून (घड्याळं जुळवणाऱ्या सर्व्हरवरून) आली पाहिजे. दोन सेकंदांचा फरक पडला की चौकट रिकाम्या रस्त्यावरून धावते, आणि सगळे बिचाऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

आणखी एक गुंता. प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याचं शटर वेगवान आणि उजेड इन्फ्रारेड, त्यामुळे रात्री त्याच्या चित्रात उजळलेली प्लेट आणि दिवे सोडले तर सगळा काळोख. म्हणून मागणी येते की नंबर शेजारच्या, मोठा परिसर दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर दिसावा. नंबर दाखवता येतो. चौकट नाही, कारण ते कोऑर्डिनेट पहिल्या कॅमेऱ्याच्या चित्राचे आहेत. ते तसेच उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवणं म्हणजे शुद्ध धूळफेक.

ओएसडी टाकाऊ आहे असं नाही. एकच लेन, गाडी अडसरापाशी थांबते, मॉनिटर थेट एनव्हीआरला (नेटवर्क कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला) जोडलेला: इथे तो खुशाल वापरा, गाडी उभीच असल्यानं अर्ध्या सेकंदानं काही बिघडत नाही. बऱ्याच एनव्हीआरमध्ये दुकानातल्या पावतीचा मजकूर व्हिडिओवर दाखवायची सोय असते; तिच्यातून नंबर पाठवायची युक्तीही मला पसंत आहे. काही मॉडेलमध्ये हा मजकूर वेगळा साठतो आणि शोधताही येतो.

मात्र मालकाचं नाव लाइव्ह चित्रावर झळकवणं बंद करा. पहाऱ्यावरच्या माणसाला त्याची गरज नसते, आणि ते एकदा मुरलं की प्रत्येक प्रतीबरोबर गावभर फिरतं. '८७ टक्के खात्री' हा आकडाही पडद्यावर नको. त्याचं काय करायचं हे पाहणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. लुकलुकणाऱ्या लाल चौकटींबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या मते चित्र मोकळं ठेवावं, बाजूच्या पट्टीत नंबर आणि त्याखाली प्लेटचा कापलेला फोटो द्यावा, आणि चित्रावर नंबर यावा तो फक्त नजर ठेवायच्या यादीतली गाडी आली तरच.

डेमो बघताना दोन गाड्या एकीमागोमाग एक पाठवायला सांगा. मग तीच क्लिप एक्सपोर्ट करून घ्या आणि साध्या प्लेअरवर चालवा. नंबर तिथेही दिसला, तर मूळ रेकॉर्डिंग उघडून बघा. तिथे तो बंद करता येत असेल तर एक्सपोर्टच्या वेळी फक्त प्रतीवर लिहिला गेलाय, आणि ही सोय चांगलीच आहे. बंद होत नसेल, तर तुम्हाला ओएसडी विकला जातोय.