जुन्या गाडीची रास्त किंमत (कोकण किनारा)

वापरलेली गाडी विकताना मालकाचं नुकसान होऊ नये आणि घेणाऱ्यालाही फसल्यासारखं वाटू नये असा जो आकडा निघतो ती तिची रास्त किंमत. पुण्या-मुंबईत मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि कितवा मालक एवढ्यावर तो जवळपास ठरतो. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात तेवढ्याने भागत नाही, इथे गाडी खालून बघितल्याशिवाय भाव बोलूच नये.

सुरुवातीचा आकडा काढायला इन्शुरन्सची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, बरी पडते. तिच्या ठरलेल्या कोष्टकात दुसरं वर्ष संपेपर्यंत २० टक्के, तिसरं संपेपर्यंत ३०, चौथं ४० आणि पाचवं ५० टक्के घट धरतात, त्याच्या पुढे कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. पण आयडीव्ही म्हणजे विक्रीचा भाव नव्हे. त्याच मॉडेलच्या त्याच वर्षाच्या चार-पाच गाड्या आजूबाजूला कितीला गेल्या ते विचारावं, मागितले किती ते नव्हे, कारण जाहिरातीतला आकडा हा घासाघीस धरूनच टाकलेला असतो. स्वतः किती दिले होते ते इथे कामाचं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीनच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीचा भाव खाली येणारच.

आता खरा मुद्दा, गंज. खारा वारा, चार महिने पाऊस आणि खाली साचून राहणारी लाल माती यामुळे चाकांच्या कमानी, दरवाज्यांच्या खालच्या कडा, सायलेन्सर, ब्रेकचे पाईप हे आधी जातं. त्यात गाडी दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीने नेहमी जात असेल, किंवा कर्दे-मुरुडच्या पुळणीवर उतरवलेली असेल, तर खालच्या पत्र्यावर खारं पाणी बसलेलं असतं आणि वरून पॉलिश मारलेल्या गाडीत ते अजिबात दिसत नाही. गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून टॉर्च मारून बघावं. वरवरचा तांबूस थर असेल तर साफ करून अंडरकोटिंग (खालून मारायचा गंजरोधक थर) मारलं की झालं, तेवढाच खर्च वजा करायचा, पण स्क्रू ड्रायव्हर टेकवल्यावर पत्रा आत जात असेल किंवा चॅसिसलाच, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, गंज धरला असेल तर तिथे वजाबाकी करत बसू नये, ती गाडी घेऊच नये. मीटरवर २५ हजार किलोमीटर दाखवणारी पण वर्षानुवर्षं समुद्राकडच्या अंगणात उघड्यावर उभी असलेली गाडी ही वर देशावर रोज पळालेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते, कमी रनिंगला जास्त पैसे देण्याआधी हे बघाच.

दुसरं, पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, महाडलाही सावित्रीचं पाणी शिरलं, आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. गाडी बुडालेली आहे का हे बघायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखालची वायरिंगही तपासावी, इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मागावा. विकणाऱ्याने हे आपणहून सांगायला हवं, लपवून घेतलेली किंमत रास्त म्हणताच येत नाही.

कुंभार्ली, आंबा, आंबोली अशा घाटांत सतत जाणाऱ्या गाडीची क्लच प्लेट आणि ब्रेक लवकर संपतात, तेही धरायचं. हिशोब असा: समजा बाजारभाव ४ लाख, चार टायर १८ हजार, क्लच १० हजार, खालचं काम १२ हजार, म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आसपास बोलणं सुरू व्हावं. उलट नवे टायर, सगळी सर्व्हिस बिलं आणि शेडमध्ये ठेवलेली गाडी असेल तर मालकाने थोडे जास्त मागण्यात काही गैर नाही.

कागदपत्रांचाही पैसा होतो. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ लागतो, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. १५ वर्षं होत आलेल्या गाडीला री-पासिंग (आरटीओत पुन्हा नोंदणी) आणि पर्यावरण कर समोर असतो, तो भावातून कापावा. सावंतवाडी-बांद्याकडे गोव्याची गाडी स्वस्तात मिळते खरी, पण ती कायमची इकडे आणायची तर महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो, तो मिळवून मगच तुलना करावी. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, गाडीबरोबर जात नाही, त्यामुळे त्याचे पैसे किमतीत धरू नयेत.