क्षारसूत्र

क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, वनस्पतीच्या राखेतून काढलेला क्षार आणि हळद यांचे थर चढवलेला औषधी दोरा. मुख्य वापर भगंदरावर. पुण्यात पेठांमधून फिरताना 'मूळव्याध, फिशर, भगंदर' अशी तिन्ही नावं एका दमात लिहिलेल्या पाट्या दिसतात, आणि खालचं काहीही दुखलं की त्याला मूळव्याधच म्हणायचं ही आपली सवय, त्यामुळे तिन्ही आजार एकच आणि इलाजही एकच असं लोकांच्या डोक्यात बसलंय. तसं नाहीये.

फिशर म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, बहुतेक वेळा मागच्या बाजूला मधोमध. संडासला बसताना काच लागल्यासारखं दुखतं आणि नंतरही तासभर ठणकत राहतं. मूळव्याधीत उलट, आतले मोड बहुधा दुखत नाहीत, रक्त मात्र पडतं. गुदाच्या आत रक्तवाहिन्यांच्या गाद्या सगळ्यांनाच असतात, त्या सुजून खाली सरकल्या की मोड, आणि किती बाहेर येतात यावरून त्यांच्या चार ग्रेड धरतात. भगंदर हा तिसराच प्रकार, आतली ग्रंथी पिकते, गळू होतं, ते फुटतं आणि आतून बाहेरपर्यंत एक बोगदा तयार होतो, ज्यातून अधूनमधून पू येत राहतो. क्वचित याच्यामागे टीबी किंवा क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार) निघतो, म्हणून परत परत होणाऱ्या भगंदराची तपासणी नीट व्हायला हवी.

दोरा मूळचा कुणाचा यावर बराच वाद आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भगंदराचा स्वतंत्र अध्याय आहे, आठवा, पण तिथे भर शस्त्रकर्मावर. दोरा येतो सतराव्या अध्यायात, नाडीव्रणाच्या, म्हणजे आत बोगदा पडलेल्या जखमेच्या, संदर्भात. रोगी कृश, दुर्बळ किंवा भित्रा असेल किंवा नाडी, म्हणजे तो बोगदा, मर्माजवळ असेल तर ती क्षारसूत्राने छेदावी असं सांगितलंय, आणि भगंदरातही हाच विधी करावा अशी पुस्ती पुढे जोडलीये. (भित्र्यांची वेगळी सोय करणारा ग्रंथकार मनाने चांगला असणार.) आता ही संहिता कधीची, तर इसवीसनापूर्वी सहावं शतक म्हणणाऱ्यांपासून ती इसवीसनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या रूपात आली म्हणणाऱ्यांपर्यंत मतं आहेत, ग्रंथात थरावर थर दिसतात हे बघता एकच एक साल धरण्यात फारसा अर्थ नाही. ग्रीकांकडे हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या लिखाणात जवसाचा दोरा आणि घोड्याचा केस बोगद्यातून ओवायची पद्धत आहे, पण त्या दोऱ्याला क्षार नाही. कुणी कुणाकडून घेतलं याचा सरळ पुरावा नसल्याने दोन्हीकडे आपापलं सुचलं असणं जास्त पटतं.

सुश्रुतात दोरा कशात भिजवायचा याची कृती मिळत नाही. ती मिळते अकराव्या शतकातल्या चक्रदत्त या ग्रंथात, हळदीचं चूर्ण आणि स्नुहीचा म्हणजे निवडुंगाचा चीक यांत पुन्हा पुन्हा भिजवलेला दोरा, आणि तिथे तो अर्श म्हणजे मूळव्याध आणि भगंदर दोन्हींवर सांगितलाय, त्यामुळे पाटीवाल्यांना अगदीच आधार नाही असं नाही. तरी आज क्लिनिकमध्ये दिसतो तो दोरा खरं म्हणजे १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला. म्हणजे कल्पना सुश्रुताची, कृती चक्रदत्ताची, प्रमाणबद्ध रूप बनारसचं, असं म्हणणं बरं.

हे रूप असं: २० नंबरचा लिननचा सर्जिकल दोरा चौकटीवर ताणून बसवायचा, त्यावर स्नुहीच्या ताज्या चिकाचे ११ थर, मग चीक आणि आघाड्याचा क्षार असे ७, शेवटी चीक आणि हळद असे ३. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नाही. एकूण २१, आणि आघाडा म्हणजे तोच, जो गणपतीच्या दिवसांत मंडईत २१ पत्रींच्या जुडीत मिळतो. हा योगायोगच असावा.

सळईने बोगद्याचा माग काढून दोरा आरपार ओवतात आणि बाहेर गाठ मारतात. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याला नवा बांधून जुना ओढून घेतात, नवा आपोआप आत जातो, त्या क्षणी चांगलीच आग होते. दोरा आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर कापत जातो आणि मागची जागा भरत येते, त्यामुळे शौचावर ताबा ठेवणारा स्नायू एकदम कापला जात नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोऱ्याने बरं व्हायला सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४, पण वर्षभरात पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण दोऱ्यात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के होतं. वेळ जातो, पण परत येण्याचा धोका कमी.

फिशरला दोऱ्याचं काम नाही. पोट साफ, इसबगोल, भरपूर पाणी, घमेल्यात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनतीनदा दहापंधरा मिनिटं बसणं, जोडीला गुदाचा आवळलेला स्नायू सैल करणारं डिल्टियाझेमचं मलम, यात बऱ्याच ताज्या चिरा भरतात. जुनाट असेल तर छोटं ऑपरेशन. सुरुवातीच्या मोडांना रबर बँड लावतात, मोठ्यांना ऑपरेशन. सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न असंच नाव आहे आणि ताकाची स्तुती चरकात आहे, दोन्ही खायला हरकत नाही, पण मिसळीचा कट वरपून वर ताक पिणं हा उपचार नव्हे.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त पडायला लागलं, वजन उतरलं, शौचाची सवय बदलली किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर मोड दिसत असले तरी कोलोनोस्कोपीचं डॉक्टरांना विचारावं. बाळंतपणानंतरचे मोड बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपले आपण बसतात, तिथे दोराही नको नि ऑपरेशनही नको.