प्रासंगिक करार आणि रोजची एसटी: चार्टर आणि प्रादेशिक विमानातला फरक

वऱ्हाड नेणाऱ्या एसटीवर 'प्रासंगिक करार' अशी पाटी असते. स्टँडवरच्या माणसाने कितीही हात केला तरी ती थांबत नाही. अख्खी गाडी कुणीतरी घेतलेली असते. चार्टर विमान म्हणजे हेच. प्रादेशिक विमान म्हणजे वेळापत्रकाची एसटी: तिकीट काढा, बसा.

कोकणात या दोन्हींची गल्लत होते, कारण छोटी विमान कंपनी एकाच विमानाने दोन्ही कामं करू शकते. विमान तेच, रंग तोच. फरक आहे तो रिकाम्या खुर्चीचा तोटा कुणाच्या अंगावर पडतो, यात.

चार्टरमध्ये तो टूर कंपनीच्या अंगावर. ती पूर्ण विमानाचे पैसे मोजते आणि जागा बहुधा हॉटेलसकट विकते. हिवाळ्यात परदेशी पर्यटकांना घेऊन गोव्यात उतरणारी विमानं अशीच. हंगाम सरला की ती बंद.

प्रादेशिक सेवेत तोटा विमान कंपनीचा. म्हणून ती सत्तरेक खुर्च्यांचं, पंख्याचं एटीआर ७२ वापरते. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या गोव्याच्या फ्लाय९१ची विमानं याच जातीची. पंख खिडकीच्या वर असतो, त्यामुळे उतरताना खाडी, माडाच्या बागा, कौलं सगळं स्वच्छ दिसतं. 'उडान' योजनेत तोट्याचा काही भाग सरकार तीन वर्षं भरून देतं. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईचं विमान उतरलं ते याच योजनेतून, आणि मुदत संपल्यावर २०२४ मध्ये ती सेवा थांबली. गणपतीला विमान भरतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न श्रावणातल्या एखाद्या ओल्या मंगळवारचा असतो.

मला विचाराल तर कोकणाला खरी गरज आहे ती या मंगळवारच्या विमानाची. चार्टरमुळे हॉटेलं भरतील, होड्यांना गिऱ्हाईक मिळेल, तेही हवंच आहे. पण गावी आई आजारी पडल्याचा फोन आला, तर चाकरमान्याला एकाच बाजूचं, उद्याचं तिकीट लागतं. पॅकेजमध्ये जायची-यायची तारीख आधीच ठरलेली असते.

बुकिंग करताना पावती बघा. ती विमान कंपनीची आहे की टूरवाल्याची? पावसामुळे विमान रद्द झालं, तर परताव्यासाठी आधी ज्याची पावती त्याच्याकडेच जावं लागेल.