२८ मिलिमीटरचा व्हायकिंग रंगवताना

टेबलावरच्या युद्धखेळातला व्हायकिंग योद्ध्याचा पुतळा तळपायापासून डोळ्यांपर्यंत साधारण २८ मिलिमीटर भरतो, म्हणजे प्रमाण जवळपास १:५६. खरी ढाल ८५ सेंटिमीटर व्यासाची धरली तर इथे ती १५ मिलिमीटरची होते. पाण्याचा थेंब मात्र या प्रमाणात आक्रसत नाही. रंगकामातल्या बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

आधी साफसफाई. रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या पुतळ्यावर साच्यातला तेलकट अंश राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. साच्याच्या सांध्याची रेघ कटरच्या पात्याच्या पाठीनं खरवडून काढा, नाहीतर रंगानंतर तीच आधी नजरेत भरते.

प्रायमरचा, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायच्या थराचा, स्प्रे २०-२५ सेंटिमीटरवरून मारा. जवळून मारला तर चिलखताच्या कड्या बुजतात. फार लांबून मारला तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतलं बाष्प साठतं आणि पांढुरकी झाक येते. अशा दिवसांत ब्रशनं लावायचा प्रायमरच बरा.

अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगकण आणि प्लास्टिकचे सूक्ष्म कण. पाणी उडालं की प्लास्टिकचे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी इथून सुरुवात करा. पाणी फार झालं तर हे कण विरळ पडतात, पापुद्रा नीट बनत नाही आणि पुढच्या थरासोबत रंग निघून येतो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर द्यावेत; जाड थरात दाढीचे केस गडप होतात.

कड्यांच्या चिलखताला काळ्या प्रायमरवर पोलादी रंग द्यायचा, तोही कोरड्या ब्रशनं. ब्रश टिश्यूवर इतका पुसा की त्यावर रंग जेमतेम उरेल, मग तो फक्त उंचवट्यांवर लागतो. त्यावर काळपट तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग द्या. केशाकर्षणामुळे तो आपोआप खाचांत ओढला जातो आणि सावल्या फुकटात मिळतात. सपाट झग्यावर मात्र हाच वॉश दगा देतो. डबक्याच्या कडेला पाणी लवकर उडतं, ती जागा भरायला आतून पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत रंगकणही नेतं. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद होतो, त्याचं हेच कारण. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी ते १९९७ साली मांडलं. म्हणून वॉश पातळ करायला पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंगकण नसलेलं अ‍ॅक्रिलिक) वापरा आणि साचलेला थेंब कोरड्या ब्रशनं लगेच टिपून घ्या. अर्धवट सुकलेल्या वॉशला तर हातच लावू नका, त्याचे पापुद्रे निघतात.

इतक्या लहान पुतळ्यावर खोलीतल्या प्रकाशाच्या सावल्या पुसट पडतात, त्यामुळे त्या रंगवाव्याच लागतात. प्रकाश वरून येतो असं धरा आणि खांदे, नाक, दाढीचा वरचा भाग फिकट ठेवा.

रंग कुठले? इंग्लंडच्या यॉर्कमधल्या कॉपरगेट इथल्या व्हायकिंग वस्तीच्या उत्खननात लाल रंग देणाऱ्या मॅडर आणि निळा रंग देणाऱ्या वोड या वनस्पतींचे अवशेष मिळाले आहेत. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेच्याच प्रजातीतली वनस्पती, आणि वोडमधलं रंगद्रव्य म्हणजे आपली नीळच. तेव्हा झग्याला विटकरी लाल किंवा फिका निळा शोभतो. भडक जांभळा नको. ढालींसाठी नॉर्वेत १८८० साली उकरून काढलेलं गोकस्टाड जहाज पाहा: ६४ ढाली, आलटून पालटून पिवळ्या आणि काळ्या. शिरस्त्राणाला शिंगं असतील तर रंगवण्याआधीच कापून टाका. जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये १८७६ साली झालेल्या संगीतकार वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेतून ती लोकांच्या डोक्यात पक्की बसली. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना ती असल्याचा पुरावा नाही.

शेवटी मॅट, म्हणजे बिनचमकीचं वॉर्निश. त्यातले चमक घालवणारे कण तळाशी बसतात, म्हणून डबा चांगला मिनिटभर हलवा. या थराखाली कुऱ्हाडीचं पातंही निस्तेज होतं. तेवढ्यावर वॉर्निश सुकल्यावर ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वॉर्निशचा एक बारीक हात फिरवा.