तो अवाढव्य खिळा कारखान्यात नव्हताच!
'टनांत टार्गेट मिळालं म्हणून सोव्हिएत कारखान्यानं एकच अजस्र खिळा बनवून कोटा पुरा केला' ही गोष्ट अजूनही फिरते. हा खिळा मॉस्कोच्या 'क्रोकोडिल' या विनोदी नियतकालिकातल्या व्यंगचित्रातला. चिमटा मात्र खऱ्या दुखण्याला होता. १९५९ साली खुद्द सोव्हिएत सर्वोच्च नेते ख्रुश्चेव्ह वैतागले होते : झुंबरांचं उत्पादन टनांत मोजतात, म्हणून कारखाने ती जडच्या जड करतात. (छत पेलेल का, हे घरमालकानं बघावं!) कपड्यांची रड वेगळी. कोटा पुरा, पण माल दुकानात पडून. शेवटी १९६४ मध्ये मॉस्कोच्या 'बोल्शेविच्का' आणि गोर्की शहरातल्या 'मायाक' या कारखान्यांना दुकानांच्या ऑर्डरीप्रमाणे कपडे शिवायला सांगितलं. हिशेब शिवलेल्या नव्हे, खपलेल्या मालाचा.